सेउमानूच्या नावाचे नऊ दिवस

लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, की मोएलागी हातातला विणलेला पंखा दोनदा हलवून म्हणायची, "धोका वेळेत ओळखला." विचारणारा हसायचा आणि पुढचं विचारायचं विसरून जायचा. तिला तेच हवं असायचं.

आपियाच्या बंदराजवळच्या प्रशिक्षण संस्थेत ती अकरा वर्षं एकच विषय शिकवत होती. कागदावर त्याचं नाव 'प्रकल्पातील जोखीम व्यवस्थापन'. साध्या भाषेत सांगायचं तर, काम हाती घ्यायच्या आधी काय काय बोंबलू शकतं याचा विचार करायचा. विद्यार्थी म्हणजे रस्ते खात्याचे मुकादम, नळपाणी योजनेतले कारकून, चर्चची सभागृहं बांधून बांधून हात राठ झालेले गवंडी. दुपारी तारोचे कंद आणि नारळाच्या दुधातली पालेभाजी पोटात गेली की निम्मे डोळे मिटून ऐकायचे. उरलेले निम्मे उघड्या डोळ्यांनी झोपायचे, कारण मोएलागीचा पंखा टेबलावर फार जोरात बसतो हे त्यांना ठाऊक होतं.

तिने स्वतः हा विषय ऑकलंडला शिकून घेतला होता. तिथे एका बांधकाम कंपनीच्या कचेरीत नऊ वर्षं तिने कामाची वेळापत्रकं सांभाळली. आई आजारी पडली म्हणून परत आली. आई खडखडीत बरी झाली, पण ही काही परत गेली नाही. येताना सामानात बाकी काही नाही, आखलेले कागद आणि रंगीत पेन्सिली.

पहिल्याच वर्षी संस्थेला परदेशातून खेळाचा एक खोका भेट आला. चकचकीत पट, फासे, छापील पत्ते. गट करायचे, प्रत्येक गटाने पटावर एक पूल बांधायचा, आणि पत्ता उलटला की त्यावरची आपत्ती सोसायची. मोएलागीला वाटलं, देव पावला, आता तरी ही माणसं जागी राहतील. पहिला पत्ता उलटला. 'हिमवादळ. काम चार दिवस बंद.' मागच्या बाकावरचा एक मुकादम गंभीरपणे म्हणाला, "बाई, ते चार दिवस पगारी का?" दुसऱ्या पत्त्यावर खाणकामगारांचा संप निघाला. तिसऱ्यावर शेजाऱ्याने आवाजाबद्दल केलेली तक्रार. त्यावर तर वर्ग इतका हसला की शेजारच्या शिवणाच्या वर्गातून निरोप आला, जरा दमानं घ्या. त्या दिवशी सगळ्या गटांचे पूल वेळेत बांधून झाले, कारण त्या पटावर कुणाला सासू नव्हती, पाळक नव्हता आणि डुकरं नव्हती.

"असला पूल आपल्याकडे आजवर कुणी बांधलाय का?" तिने विचारलं.

"वेळेत?" मुकादम म्हणाला. "पूल सोडा बाई, मी कोंबड्यांचं खुराडं वेळेत बांधलेलं नाही."

झालं. मोएलागीने तो खोका कपाटावर ठेवून दिला आणि आपला खेळ आपणच बनवला. डबाबंद मांसाच्या खोक्याचा पुठ्ठा उलटा करून त्यावर पट काढला. घर बांधायला काड्यापेट्या घेतल्या. वेळ मोजायला नारळाच्या काथ्याची दोरी, तिला चौदा गाठी, एक गाठ म्हणजे एक आठवडा. आणि पत्ते मात्र आपल्या मातीतले. बेटांमधली बोट दुरुस्तीला गेली. गवंड्याला मताईची पदवी मिळाली, म्हणजे तो घराण्याचा मुखिया झाला, सबब सारं घराणं चार दिवस समारंभात. रग्बीचा अंतिम सामना. सिमेंटच्या गोण्या डुकरांनी फाडल्या. पाळकाच्या बायकोला स्वयंपाकघर आधी रंगवून हवंय. सिडनीहून मावशी आली आणि तिला विमानतळावरून आणायला कामावरचा एकुलता एक ट्रक गेला.

नियम एकच. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक गटाला दहा मिनिटं. त्या वेळात कशाकशाची भीती वाटते ते मोठ्याने बोलायचं आणि त्या त्या पत्त्यावर एक शिंपली ठेवायची, म्हणजे तयारी केली असं समजायचं. पुढे तो पत्ता निघाला तर तुमचं फारसं बिघडत नाही. शिंपली नसेल तर काड्यापेट्या पटावरून खाली.

वर्गात धमाल उडायची. बोटीवर शिंपल्या पडत, डुकरांवर पडत, पाळकाच्या बायकोवर तर ढीग पडे. एका पत्त्यावर मात्र अकरा वर्षांत एकाही गटाने शिंपली ठेवली नव्हती. तो पत्ता होता, 'घरातलं मोठं माणूस गेलं.' तो निघायचा आणि काड्यापेट्या कोसळायच्या. मोएलागी विचारायची, "हे ठाऊक नव्हतं का? आपल्याकडे मयत झालं की सगळं गाव जातं, चटया विणायच्या, डुकरं कापायची, भाषणं करायची, महिना महिना हातोडा कुणी उचलत नाही. एकालाही सुचलं नाही?"

"सुचलं होतं," कुणीतरी हळूच म्हणायचं. "पण बाई, बोलायचं कसं? बोललो आणि झालं तर?"

आता यावर पंखा तरी कुठे आपटणार? ती स्वतःही त्याच मातीतली होती.

तिचं गाव मातालेले, समोरच्या सवाइई बेटावर, बोटीतून उतरून पुढे दीड तास. गावाच्या मध्यावर सहा वर्षं एक सांगाडा उभा होता. चौथरा झालेला, खांबांतून गंजक्या सळया वर आलेल्या, आणि चौथऱ्यावर बायका कोकोच्या बिया वाळत घालायच्या. ही गावची शाळा. म्हणजे, व्हायची होती. तिची योजना ठरली तेव्हा गावचे मुख्य मताई, आधीचे सेउमानू, एक्क्याण्णव वर्षांचे होते. चौघांनी खुर्चीत उचलून त्यांना बैठकीला आणलं होतं. काय अडचणी येऊ शकतात याची चर्चा झाली, आणि अडचण समोरच खुर्चीत बसून खोकत होती. कोण लिहिणार? कामाच्या चौथ्या आठवड्यात ते गेले. पाच आठवडे मयताचा इतमाम चालला. तोवर उघड्यावरच्या सिमेंटच्या गोण्या दगड होऊन गेल्या. पुढे पाळकाने त्या गोण्यांच्या पायऱ्या केल्या, त्या अजून पक्क्या आहेत. मुलं मात्र चर्चच्या मागच्या पडवीत, चार इयत्ता एकाच फळ्याकडे तोंड करून बसायची. तिसरीतली पोरं पाचवीची गणितं सोडवून मोकळी व्हायची आणि आपली स्वतःची त्यांना येत नसत.

सेउमानू ही पदवी आता मोएलागीच्या मोठ्या भावाकडे आली होती. सत्तरीचा, आडवातिडवा, आवाज असा की लाटांवरून पलीकडे जावा. दोन वर्षांपूर्वी त्याचं हृदय एकदा बंद पडून पुन्हा चालू झालं होतं. मोएलागी तेव्हा तेरा दिवस इस्पितळाच्या जमिनीवर चटई टाकून झोपली होती. त्यानंतर तिने त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही, आणि त्यानेही नाही.

यंदा सरकारी खात्याकडे एका शाळेपुरतं सामान होतं आणि मागणारी गावं दोन, मातालेले आणि डोंगरापलीकडचं. इंजिनियर पेनिआमिना हा मोएलागीचाच जुना विद्यार्थी. त्याने दोन्ही गावांना कळवलं, योजना द्या आणि सोबत अडचणींची यादी द्या. मातालेलेहून सुंदर अक्षरात योजना आली. यादीच्या कागदावर एकच ओळ होती, 'देवाच्या कृपेने काही नाही.' खाली सेउमानूची सही.

पेनिआमिना तो कागद घेऊन संस्थेत आला. "बाई, तुमच्या भावाच्या गावात सहा वर्षं सांगाडा उभा आहे, आणि हे म्हणतात काही नाही. खरी यादी आठ दिवसांत आली नाही, तर सामान डोंगरापलीकडे जाईल. मी काही करू शकणार नाही."

"त्यांनी काय दिलंय?"

"बारा अडचणी लिहिल्यात. अकरावी म्हणजे त्यांचा स्वतःचा गवंडी."

मोएलागीने पुठ्ठा गुंडाळला, काड्यापेट्या पिशवीत भरल्या आणि शनिवारी पहाटेची बोट धरली. पडवीतल्या पोरांना यंदा छप्पर मिळालं नाही तर कधी मिळणार, हे तिला दिसेना. आणि छप्पर कशामुळे अडेल ते तिला पक्कं दिसत होतं. तिला स्वतःलाही ते तोंडावर आणायचं नव्हतं.

गावच्या मोठ्या फालेत, म्हणजे भिंती नसलेल्या, नुसत्या खांबांच्या सभाघरात, सगळे मताई आपापल्या खांबाला पाठ टेकून बसले. आमच्याकडे कोण कोणत्या खांबाला टेकतो यावरून माणूस कळतो. कडेला, जमिनीलगत, बिनपदवीचे पुरुष, बायका मागे. मोएलागीने पुठ्ठा मधोमध पसरला आणि बांबूच्या काड्यांची एक छोटी पिशवी काढली. प्रत्येक काडीवर एक भूमिका लिहिलेली.

"ज्याला जी काडी येईल, खेळ संपेपर्यंत तो तोच," ती म्हणाली. "आणि त्याने त्याच्याच जागी बसायचं."

गावाच्या वतीने भाषणं करणारा मताई म्हणजे माउगा. तो घसा साफ केल्याशिवाय पाणीसुद्धा मागत नाही. त्याने घसा साफ केला. "म्हणजे एखाद्या मताईला स्वयंपाकाची भट्टी पेटवणाऱ्याची काडी आली तर?"

"तर भट्टी पेटवायची."

"मोएलागी, हे बरोबर नाही. आपल्या बापजाद्यांनी..."

"माउगा, ऑक्टोबरात पांढऱ्या रविवारी तुम्ही सगळे पोरांना आधी जेवायला वाढता ना? हातात ताट घेऊन? तेव्हा आभाळ कोसळतं का?"

माउगाने आशेने सेउमानूकडे पाहिलं. सेउमानूने बहिणीकडे पाहिलं. आमच्याकडे बहिणीने चारचौघांत मागितलेलं भाऊ मोडत नाही, आणि हे त्या दोघांनाही माहीत होतं, म्हणून तर तिने चारचौघांत मागितलं.

"आण ती पिशवी," तो म्हणाला, आणि हात घालून काडी काढली. वाचली. मग शेजाऱ्याला दाखवली. शेजाऱ्याने तोंड फिरवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले.

भट्टी पेटवणारा, बिनपदवीचा.

मुख्य मताईची काडी आली लेउतूला. लेउतू गावचा सुतार, एरवी कडेला बसणारा, पस्तिशीचा, आठ शब्दांच्या वर वाक्य नाही. त्याला सेउमानूच्या खांबाशी नेऊन बसवलं. पाठ खांबाला लागू नये म्हणून तो असा ताठ बसला की बघणाऱ्याची पाठ दुखावी. इकडे सेउमानू उठला, तो सगळा देह कमरेत वाकवून, "माफ करा हं, जरा जातो हं," करत बसलेल्यांच्या पुढून कडेला गेला आणि ओलसर दगडावर टेकला. बायकांमधून कुणाची तरी हसण्याची उचकी निघाली.

"कोको आणा," मोएलागी म्हणाली. "मुख्य मताईंना तहान लागलीय."

लेउतू कुजबुजला, "मला नाही लागली."

"लागलीय."

सेउमानूने वाटीभर गरम कोको आणून लेउतूपुढे ठेवला, खाली मान घालून. लेउतूने एका घोटात संपवला, जीभ पोळली तरी हूं की चूं केलं नाही. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, वाटी पुढे करून म्हणाला, "साखर कमी आहे." सगळी फाले खदखदली. सेउमानू गेला, साखर घेऊन आला आणि जाता जाता पुटपुटला, "खेळ संपू दे, मग बघतो तुझ्याकडे."

"भट्टीवाल्याने बोलायचं नाही," मोएलागीने पंखा आपटला. "आता दहा मिनिटं. कशाची भीती वाटते ते बोला."

पहिली पाच मिनिटं छान गेली. बोट. शिंपली. डुकरं. शिंपली. पांढऱ्या रविवारची तालीम, त्यात दोन आठवडे कुणीच कामाला हात लावत नाही, हे एका म्हातारीने सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, जशी ही बातमी आजच कळली. चुकीच्या मापाची लाकडं. रग्बी. मग सगळे थांबले. पटावर एकच पत्ता बिनशिंपलीचा राहिला होता, आणि अख्खं गाव त्या पत्त्याकडे सोडून सगळीकडे बघत होतं. छताकडे, पायाच्या अंगठ्याकडे, बाहेरच्या कोंबडीकडे.

मोएलागीच्या मुठीत एक शिंपली होती. अकरा वर्षं ती दुसऱ्यांना म्हणत आली होती, सुचलं तर बोला. आता तिलाच बोलायचं होतं आणि तिचं तोंड उघडत नव्हतं. इस्पितळाच्या जमिनीचा गारवा तिच्या पाठीला लागला. तिला स्वतःची लाज वाटली. भीती त्याहून जास्त वाटली.

"माफ करा हं," कडेच्या दगडावरून आवाज आला. लाटांवरून जाणारा तो आवाज आज एवढासा केलेला. "मी बिनपदवीचा माणूस. एक सांगू का?"

"बोल रे," लेउतू म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो हे कळून त्याने डोळे घट्ट मिटले.

"आपला म्हातारा मध्येच मेला तर?"

"कोणता म्हातारा?" लेउतूने डोळे न उघडता विचारलं.

"तोच तो, सेउमानू. मी भट्टीवर असतो, मला सगळं दिसतं. त्याचं हृदय एकदा बंद पडलं होतं, दोन मिनिटं. डॉक्टरने डुकराची चरबी बंद केलीय. पण दर रविवारी तो पाठीचा कुरकुरीत तुकडा केळीच्या पानात गुंडाळून फडताळामागे ठेवतो. दुपारी सगळे झोपले की खातो."

"फडताळामागे?" ही सापीना, सेउमानूची बायको. ती तशीच उभी राहिली. "आणि मी दोन वर्षं उंदीर समजून सापळे लावतेय?"

"वहिनी, बसा," मोएलागी म्हणाली.

"तो म्हातारा मेला," कडेचा माणूस पुढे म्हणाला, "तर तुम्ही सगळे पाच आठवडे चटया विणत बसाल. सिमेंट दगड होईल. पाळकाला आणखी पायऱ्या मिळतील. माझी नात पडवीतच बसेल, आणि मोठी झाल्यावर म्हणेल, आजोबा गेले म्हणून मला शाळा नव्हती. म्हातारा लोकांपुढे बोलू शकत नाही. बोलला तर गाव घाबरेल. म्हणून मी बोलतोय."

मग मात्र फालेत गलका झाला. बायका डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. माउगाने घसा साफ केला तो तीनदा. "सेउमानूंच्या इतमामाला कमीत कमी महिना हवा. त्याहून कमी म्हणजे पदवीचा अपमान."

"मला काय कळतं," भट्टीवाला म्हणाला, "पण म्हातारा नऊ दिवसांत आटपा म्हणाला असता."

"पंचवीस."

"नऊ. भाषणं तुझी कमी कर, पंचविसाचे नऊ होतील."

"मुख्य मताई, आपण निर्णय द्या," माउगाने हात जोडल्यासारखं करत लेउतूकडे पाहिलं.

लेउतूने डोळे उघडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याची पाठ खांबाला टेकली होती, त्याच्या नकळत. "नऊ," तो म्हणाला. "आणि सिमेंट माझ्या घरात. फळ्यांवर, ताडपत्रीखाली. मयत असो नसो."

शिंपली ठेवायची होती. मोएलागीची मूठ काही उघडेना. सेउमानू पुन्हा वाकून, माफी मागत मागत पुढे आला, तिच्या समोर मांडी घालून बसला, तिची बोटं एकेक करून सोडवली आणि ती शिंपली आपल्या हाताने पत्त्यावर ठेवली. "एवढं काय," तो म्हणाला. "काड्यापेट्यांचा तर खेळ."

त्या संध्याकाळी नवी यादी लिहिली गेली. पहिला क्रमांक असा, 'मुख्य मताई सेउमानू यांचे निधन. शक्यता, बऱ्यापैकी. तयारी, नऊ दिवस राखीव.' त्याखाली कुणी काय करायचं ते. सिमेंट लेउतूकडे. भाषण माउगाचं, एकच. सापीना आणि बायकांनी चटया आताच विणून ठेवायच्या. पाहुण्यांना सांगायचं की येताना हातोडा घेऊन या. खाली सही, सेउमानू, आडवी आणि ठळक.

पेनिआमिनाने यादी वाचली आणि तो खुर्चीवरून उठून उभाच राहिला. "बाई, हे खरंच त्यांनी लिहिलंय?"

"सही ओळखतोस ना?"

"ओळखतो." त्याने कागद दोन्ही हातांनी फायलीत ठेवला. "डोंगरापलीकडच्यांना म्हणावं, पुढच्या वर्षी."

जुलैत काम सुरू झालं. ऑगस्टमध्ये बोट बिघडली. इंजिनाचा एक भाग परदेशातून येईपर्यंत सहा दिवस गेले. कुठून काढायचे? सेउमानूच्या नऊंतून. सप्टेंबरात लाकडं आली ती वीतभर आखूड. परत पाठवून बदलून आणायला तीन दिवस. तेही त्याच नऊंतून. लेउतूने मोएलागीने दिलेल्या दोरीवरच्या गाठी मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि संध्याकाळी सेउमानूच्या घरी गेला.

"सेउमानू, आपले दिवस संपले."

"काय?"

"आपल्या मरणाचे. बोटीत सहा गेले, लाकडात तीन. आता शिल्लक काही नाही."

सेउमानू जेवत होता. "मग मी मरायचं कधी?"

"पत्रे बसल्यावर," लेउतू म्हणाला, आणि त्याच्यापुढचं ताट उचलून त्यातलं डुकराचं मांस सापीनाच्या ताटात टाकून ते परत ठेवलं. खेळाच्या दिवसापासून त्याला अशी थोडी सवय लागली होती.

त्या दिवसापासून म्हाताऱ्यावर गावाचा पहारा बसला. फडताळाची जागा बदलली. सकाळी दोघे जण त्याला किनाऱ्याने चालवत न्यायचे. त्याने मागे वळून आवाज चढवला तरी ते वाकून, नमून, अतिशय आदराने चालवतच राहायचे. पाळक रविवारी सगळ्यांसाठी प्रार्थना करायचा आणि शेवटी म्हणायचा, "आणि हे देवा, सेउमानूंना पत्र्यांपर्यंत." मोएलागी दर शनिवारी बोटीने यायची, कामाची पाहणी करायला म्हणून. पण आधी भावाच्या घरात डोकवायची, त्याचे पाय सुजलेत का बघायची, मग सांगाड्याकडे जायची.

"मोए," तो ओरडायचा, "तुझ्या खेळाने माझं जगणं हराम केलंय. मला सुखाने मरूपण देत नाहीत."

"दादा, चालून आलास का?"

"दोनदा."

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी शेवटचा पत्रा बसला, पांढऱ्या रविवारच्या आठ दिवस आधी. त्या रविवारी पोरांनी पांढरे कपडे घालून नव्या खोल्यांत पाठांतरं म्हटली, चार इयत्ता चार भिंतींआड. मोठ्यांनी ताटं वाढली. लेउतूने स्वतः सेउमानूला केळीच्या पानावर पाठीचा कुरकुरीत तुकडा आणून दिला, करंगळीएवढा. सेउमानूने तो बराच वेळ नुसता हातात धरून ठेवला. मग बहिणीकडे पाहिलं.

"आता?"

"आता खा."

त्याने खाल्ला. बोटं चाटली. शाळेच्या पायरीवर दोघं शेजारी बसली होती, आत पोरांचा गोंगाट चालला होता. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. यादीची नक्कल.

"काम झालं आपलं," मोएलागी म्हणाली. "फाडून टाक तो."

"का? मी काय कायमचा राहणार आहे? पुढच्या वर्षी पाण्याची टाकी आहे. त्यात पण ठेव माझे नऊ." त्याने चष्मा लावला आणि पहिल्या क्रमांकाखालच्या ओळींवरून बोट फिरवलं. "एक मात्र चुकलंय यात. लेउतूला काम दिलंस. माउगाला दिलंस. सापीनाला चटया दिल्यास. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांनासुद्धा हातोडे दिलेस. मी गेलो तर मोएलागीने काय करायचं, ते कुठे लिहिलंय?"

तिने पंखा हलवला. एकदा, दोनदा. या खेपेला त्याला पुढचं विचारायचं विसरायला लावेल असं काही तिला सुचलं नाही.

"मी रडणार," ती म्हणाली. "मला दुसरं काम देऊ नका."

"किती दिवस?"

"ते नऊत बसायचं नाही, दादा. म्हणून लिहिलं नाही."

त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग तिच्या हातातला पंखा घेतला आणि तिला वारा घालत बसला.